म्हशींना अक्षत

इंदूअक्कांनी मला विचारलेला पहिला प्रश्न म्हणजे, "तुमच्या घरात मुंग्या आहेत का?"

लग्न होऊन मी सांगलीहून बंगळूरला आले त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. जयनगरातल्या आमच्या घराचा चुना अजून ओला होता, समोर नाचणीचं शेत होतं, आणि मी सकाळपासून फरशी पुसपुसून कंबर धरून बसले होते. दार वाजलं म्हणून उघडलं तर समोर पंचेचाळिशीच्या एक बाई. पायात पुरुषी गमबूट, पाचवारी साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेली, काखेत छत्री आणि हातात उघडी काडेपेटी. मुंग्यांचं ऐकून माझ्या डोक्यात तिडीकच गेली. नव्या बिऱ्हाडात यायचं, ना नाव ना गाव, आणि मुंग्या विचारायच्या? "आमच्या घरात मुंग्या नाहीत," मी ठसक्यात सांगितलं. बाईंचं तोंड एवढंसं झालं. "अय्यो, एकपण नाही?" म्हणून त्या खरंच हळहळल्या आणि पलीकडच्या घराकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. या खेपेला हातात एक खोलगट बशी होती, बशीत ओली वाळू आणि वाळूवर पावलीएवढं एक तांबडं काहीतरी चिकटलेलं. मला वाटलं, कुणाच्या तरी कुंकवाच्या करंड्याचं झाकण पडलंय. "स्वल्प वाक," त्या म्हणाल्या. स्वल्प म्हणजे जरासं, हे मला दूधवाल्याकडून कळलं होतं, म्हणून वाकले. ते झाड होतं. चिमुकल्या चमच्यासारखी पानं गोल मांडलेली, प्रत्येक पानावर तांबडी लव, आणि लवेच्या टोकाटोकाला एकेक थेंब, उन्हात लखलखणारा. अक्कांनी काडेपेटी उघडून पलीकडच्या घरातली एक मुंगी त्यावर सोडली. मुंगी चिकटली. आणि मग बघता बघता ती लव हळूहळू मुंगीवर वळायला लागली. माझी आमटी करपली, पण मी काही उठले नाही.

त्याचं नाव दवबिंदू. बशीतलं ते एकच झाड त्यांनी वर्गात दाखवायला आणलं होतं, ते उपाशी राहू नये म्हणून बाई गल्लीभर मुंग्या मागत हिंडत होत्या. दाखवून झाल्यावर रविवारी दोन मैल चालत जाऊन त्यांनी ते जिथून आणलं तिथंच परत नेऊन लावलं. माहेरवाशिणीलासुद्धा कुणी इतक्या काळजीनं पोचवत नसेल.

इंदूअक्का मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांचं घराणं मराठी, पण तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. "आमचे लोक घोड्यावर बसून आले," त्या सांगायच्या, "इथं उतरले, आणि हवा बघून परत चढलेच नाहीत." त्यांच्या मराठीत कानडी असं काही कालवलेलं होतं की पहिले सहा महिने मला निम्मं कळायचं आणि निम्मं मी मान डोलावून निभावून न्यायची. 'सरी' म्हणजे बरं, ठीक. पण अक्कांची 'सरी' सात सुरांत यायची. खुशीची वेगळी, वैतागाची वेगळी, आणि 'तू गाढव आहेस पण असू दे' याची आणखी वेगळी. ही तिसरी माझ्या वाट्याला फार आली.

दवबिंदूची जागा एका तळ्याखाली होती. बंगळूरच्या चारी बाजूंना तेव्हा अशी तळी होती, कानडीत केरे म्हणतात. गावानं बांध घालून अडवलेलं पाणी, बांधाच्या पलीकडे भातखाचरं. बांधातून पाणी झिरपून खाली एक पट्टा बारा महिने ओला राहायचा, आमच्या घरासमोरचं अंगण असतं तेवढाच. तांबूस वाळू, त्यात खडे, वर केसासारखं बारीक गवत. एवढ्याशा जागेत ते झाड होतं. अक्कांनी आसपासची दहा-बारा तळी पालथी घातली होती, कुठं सापडलं नव्हतं. पूर्वी सापडायचं म्हणे. पण एक तळं हिवतापाच्या भीतीनं बुजवलं, दुसऱ्यातली माती विटांना गेली, तिसऱ्यावर आमच्यासारख्यांची घरं झाली. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी आमच्या घराकडे बघितलं आणि मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

"जमीन उपाशी आहे तिथली," त्या म्हणायच्या. "मातीत कायसुद्धा दम नाही. म्हणून ते किडे धरून खातं. चांगल्या जमिनीत लावलंस तर गवत त्याला दाबून मारेल." गरिबीत तग धरणारं आणि श्रीमंतीत मरणारं झाड, असं म्हणून त्या माझ्याकडे बघून हसायच्या, कारण आमच्या ह्यांचा पगार नुकताच वाढला होता.

वर्गाच्या सहलीला त्यांनी एकदा मलाही ओढून नेलं. इतर कॉलेजांत मुली झाडं मुळासकट उपटून, दाबून, वाळवून कागदावर चिकटवून द्यायच्या. त्यावरच मार्क. अक्कांच्या वर्गात उपटायला बंदी. प्रत्येक मुलीनं घरून एक गोणपाट आणायचं, ते चिखलात अंथरून पोटावर झोपायचं आणि झाड बघत वहीत चित्र काढायचं. चांगल्या घरच्या वीस मुली, वेण्यांत अबोली माळलेल्या, तळ्याकाठी ओळीनं पालथ्या पडल्यात आणि मधून गमबूट घालून अक्का फिरताहेत. बांधावरून जाणारा एक म्हातारा थांबला. त्यानं हात जोडले आणि कुठल्या देवीचा नवस आहे म्हणून विचारलं. अक्का म्हणाल्या, देवी भारी कडक आहे, मुंगीचा नैवेद्य लागतो. म्हातारा बिचारा चपला काढून लांबून नमस्कार करून गेला.

या सगळ्या सुखात एक खडा होता, तो म्हणजे मुनियप्पाच्या म्हशी. मुनियप्पा त्या गावचा. त्याच्या सात म्हशी रोज दुपारी बांधाखाली उतरायच्या, चरायच्या, लोळायच्या आणि त्या पट्ट्यावरून धबाधबा चालत जायच्या. एका खुराखाली तीन-तीन दवबिंदू चिरडलेले मी स्वतः पाहिलेत. अक्का अशा वेळी छत्री उगारून धावायच्या. बाकी जगाशी इतक्या गोड बोलणारी बाई, पण मुनियप्पा दिसला की तोंडाचा पट्टा सुरू. तो शांतपणे विडी ओढत ऐकायचा. त्यांना तो टीचरम्मा म्हणायचा. आपल्या आजाच्या म्हशीही इथंच चरल्या, एवढंच त्याचं उत्तर.

एका मार्गशीर्षात अक्का आमच्याकडे आल्या त्या रडवेल्या होऊन. झाडं मागच्या वर्षीपेक्षा कमी वाटत होती. "माझ्या डोळ्यांदेखत संपलं तर, उषा," त्या म्हणाल्या, "मी पुढच्या पोरींना काय दाखवू? चित्र?" आतापर्यंत पेपरमागे असलेले आमचे हे एकदम पुढे सरसावले. कारखान्यात इंजिनीयर. इंजिनीयरपुढे कुणी रडलं की तो लगेच कागद-पेन्सिल घेतो, ही त्या जातीची खोडच आहे. रात्रीच्या जेवणाआधी कुंपणाचं ड्रॉइंग तयार. वरून कसं दिसेल, बाजूनं कसं दिसेल, खांब किती खोल, उत्तर दिशेचा बाणसुद्धा. अक्कांनी तो कागद देवापुढे ठेवायच्या लग्नपत्रिकेसारखा दोन्ही हातांनी धरला.

गावच्या पटेलांनी, म्हणजे आपल्याकडच्या पाटलांनी, हो म्हटलं. कॉलेजच्या आवाराला नवी भिंत झाली होती, तिची जुनी काटेरी तार मिळाली. फाल्गुनात चार रविवार खपून ह्यांनी आणि कारखान्यातल्या दोघा मित्रांनी कुंपण उभं केलं. ओळंबा लावून. एक खांब बोटभर कलला होता तर तो उपटून पुन्हा रोवला. फाटक, फाटकाला कडी, कडीला कुलूप, आणि किल्ली अक्कांच्या कमरेला. शेवटच्या दिवशी मी थालीपिठं घेऊन गेले होते. आम्ही सगळे लग्नघरातल्यासारखे खुशीत होतो. म्हशी तारेपर्यंत आल्या आणि बाहेर उभ्या राहिल्या. मुनियप्पानं कुंपणाला एक फेरी मारली, तार दाबून बघितली, कामाची तारीफ केली आणि अक्कांना एकच विचारलं: "आणि गवताचं काय करणार, टीचरम्मा?"

अक्कांना वाटलं, त्याला चारा हवाय. त्यांनी सांगितलं, गवताशी आमचं काही भांडण नाही. मुनियप्पा हसला आणि म्हशी घेऊन गेला.

पुढचा पावसाळा आला तो अक्कांच्या पथ्यावर नाही पडला. आधी आईच्या आजारपणात त्या म्हैसूरला अडकल्या, मग परीक्षा. कुलूप आहे, काळजी कसली, असं आम्हीही म्हणत होतो. दिवाळी झाल्यावर आम्ही तिघं गेलो. लांबूनच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कुंपणाच्या आत हिरवंगार गच्च रान, कमरेइतकं. लव्हाळा, पाणकणीस, आणि नाव माहीत नसलेलं दाट गवत. हे म्हणाले, "वा, काय झकास वाढलंय." अक्कांनी कुलूप काढलं, आत शिरल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि हातांनी गवत बाजूला करत पुढे सरकायला लागल्या. आम्हीही बसलो. सकाळी नवाला बसलो ते बारा वाजेपर्यंत. माझे हात लव्हाळ्यानं कापले. खाली नुसती काळी सावली आणि कुजलेलं गवत. एक दवबिंदू नाही. औषधाला नाही.

तिथंच त्या चिखलात बसल्या. रडल्या नाहीत, त्याचंच मला भय वाटलं. "म्हशींनी वर्षानुवर्षं मारलं नाही," त्या म्हणाल्या, "ते मी एका पावसात मारलं." हे खांबाला हात लावून उभे होते. ओळंब्यात उभा असलेला खांब. मला इतकं वाईट वाटत होतं की मी उगीचच पदरानं अक्कांच्या गमबुटाचा चिखल पुसत बसले. आणि दैव बघा, तेवढ्यात बाहेरून एक जाडजूड गृहस्थ येऊन अदबीनं विचारू लागले, हा प्लॉट तुमचा का, विकायचा आहे का? त्यांची वीटभट्टी होती. गवत बघून माती चांगली वाटली, कुंपण दिसलं, म्हणजे मालक असणार. अक्का उठल्या. छत्री उगारायचंही त्राण नव्हतं. "हे गावचं गायरान आहे," एवढंच म्हणाल्या. गृहस्थांनी कुंपणाकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, आणि पुन्हा येतो म्हणाले.

आम्ही निघालो. अक्का फाटकाबाहेर आल्या, कुलूप लावायला वाकल्या, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. मला वाटलं कमरेत उसण भरली. मी धावले.

फाटकाबाहेर म्हशी रोज येऊन उभ्या राहत होत्या. सवयीनं. तिथली जमीन खुरांनी तुडवून तुडवून उघडी झाली होती, गवत दाढी केल्यासारखं चरलेलं, आणि खुरांच्या खळग्यांत पाणी. एका खळग्याच्या काठावर तांबडं कुंकू सांडावं तसे पाच दवबिंदू बसले होते. थेंबांसकट.

अक्का हसायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्यानं, मग तोंडाला पदर लावून, मग पदरही सोडून. गमबुटांसकट खाली बसल्या आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी. "तो विचारत होता की गवताचं काय करणार," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं शिकवते की मी. गवत दाबून मारतं, असं रोज सांगते. आणि ते गवत कोण खातं, ते मला एकदाही सुचू नये?" मग माझ्याकडे बघून ती तिसरी 'सरी' म्हणाल्या, पण या वेळी ती स्वतःसाठी होती.

आता माफी मागायची होती. मी म्हटलं, जाऊन सांगा, म्हशी सोड म्हणून, झालं. अक्कांना ते पटेना. ज्याला वर्षानुवर्षं छत्री दाखवली त्याला नुसतं 'सोड' म्हणायचं? "आपल्यात लग्नाला माणसं कशी बोलावतात?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या रविवारी आम्ही मुनियप्पाच्या दारात उभे होतो. अक्कांनी ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती आणि पायात चपला होत्या. त्यांना गमबुटांशिवाय मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्या हातात तबक, त्यात हळदकुंकू, अक्षता, विड्याची पानं, सुपारी, नारळ. हे मागे, लग्नात हुंडा बुडालेल्या वरबापासारखं तोंड करून. मुनियप्पाची बायको लक्ष्मम्मा बाहेर आली आणि तिनं विचारलं, कुणाचं लग्न? अक्कांनी तिला कुंकू लावलं, मुनियप्पाच्या हातात नारळ दिला, आणि कानडीत, अगदी घरच्या कार्याचं आमंत्रण करावं तसं, आपण आणि आपल्या सातही जणींनी तळ्याखाली रोज यायचं करावं, आमच्या हातून चूक झाली, असं सांगितलं. मग गोठ्यात जाऊन त्यांनी एकेका म्हशीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि अक्षता वाहिल्या. शेवटच्या म्हशीनं अक्षता चाटून घेतल्या. लक्ष्मम्मा भिंतीला टेकून हसत सुटली.

मुनियप्पा मात्र गंभीर होता. त्यानं नारळ कानाशी धरून हलवून बघितला, मग म्हणाला, येतील. पण फाटक उघडून भागायचं नाही. तार पूर्ण जायला पाहिजे, आणि ज्यांनी बांधली त्यांनीच काढायची. सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

पुढचे दोन रविवार कुंपण उतरवण्यात गेले. खांब उपटताना हे म्हणत होते, कारखान्यात माझ्या हातचं काम आजवर कुणी पाडलेलं नाही. पण शेवटची तार गुंडाळली आणि पहिली म्हैस आत शिरून त्या कमरेइतक्या गवतात तोंड घालून कराकरा खायला लागली, तेव्हा तेच कौतुकानं बघत उभे राहिले. हिच्यासारखं यंत्र आमच्याकडे नाही, म्हणाले. शेण लक्ष्मम्मा रोज गोवऱ्यांना उचलून न्यायची, त्यामुळे जमीन पुन्हा उपाशीची उपाशी. वीटभट्टीवाले गृहस्थ कबूल केल्याप्रमाणे पुन्हा आले. सात म्हशी, तळ्याच्या चिखलानं माखलेल्या, त्यांच्या पांढऱ्या धोतराकडे बघत होत्या. जागेचा मालक कोण, त्यांनी विचारलं. मुनियप्पानं म्हशींकडे बोट दाखवलं.

आणि पुढच्या मार्गशीर्षात झालं ते मी काय सांगू. बांधावरून बघितलं तर सगळा पट्टा तांबूस झालेला. पाऊल ठेवायला जागा नव्हती, म्हणजे खरोखरच नव्हती, अक्कांनी आम्हाला बांधावरच उभं केलं. वीस मुली गोणपाटांवर पालथ्या, त्यांच्यामधून म्हशी आपल्या वाटेनं चालताहेत, आणि मुली न उठता नुसत्या वह्या बाजूला घेताहेत. मुनियप्पा बांधावर बसून विडी ओढत होता. तोही आता टीचरच झाला होता. मुलींना ओरडून सांगायचा, तिकडे खुरात बघा, खुरात जास्त आहेत.

चौसष्ट साली ह्यांची बदली नाशिकला झाली. सामान बांधलं, घर रिकामं झालं, आणि इतकी वर्षं मी जपलेल्या त्या चकचकीत स्वयंपाकघरात, गुळाचा डबा उचलला त्या जागी, मुंग्यांची ही रांग. हातात फडकं होतं. मी ते खाली ठेवलं.

निघायच्या दिवशी सकाळी तळ्यावर गेले. ऊन नुकतंच वर आलं होतं आणि पांढरी फुलं उघडली होती. इंदूअक्का गोणपाटावर पालथ्या, भिंग डोळ्याला, गमबूट हवेत. शेजारी एक म्हैस रवंथ करत उभी, आणि अक्कांनी एक हात सहज तिच्या पुढच्या पायावर ठेवलेला. मी हाक मारली. त्यांनी वर न बघता म्हटलं, "स्वल्प थांब, पाय जपून."

मी थांबले. मग पाय जपत जाऊन त्यांच्या हातात काडेपेटी दिली. त्यांनी कानाशी नेली, हलकेच उघडली, आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या घरातल्या?" अक्कांनी विचारलं.

"माझ्या घरातल्या," मी म्हटलं.

बांधावर चढून मागे वळले तेव्हा त्या पुन्हा पालथ्या झाल्या होत्या आणि माझ्या मुंग्या एकेक करून, कुणाला कमी पडू नये अशा बेतानं, दवबिंदूंना वाढत होत्या.